दिवसा येणारी झोप कशी मोजावी?

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना झोपेविषयी प्रश्न विचारले होते आणि त्यांच्यातल्या २५० जणांची रात्रीची झोप घरीच यंत्रावर नोंदवली होती. झोपेत तासाला सरासरी पाच किंवा अधिक वेळा श्वास अडतो, एवढाच निकष धरला तर १९.५ टक्के पुरुष त्यात बसत होते. त्याला 'दिवसाही जास्त झोप येते' ही अट जोडली की प्रमाण ७.५ टक्क्यांवर येत होते. दिल्लीच्या पाहण्यांतही तसेच दिसते. २००६ च्या पाहणीत १३.७ टक्क्यांचे ३.६ झाले आणि २००९ च्या पाहणीत ९.३ चे २.८. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या १९९३ च्या प्रसिद्ध अभ्यासात पुरुषांचे २४ टक्के ४ वर आले होते, स्त्रियांचे ९ टक्के २ वर. या पाहण्यांतली माणसे वेगळी, वये वेगळी, त्यामुळे आकडे एकमेकांशेजारी ठेवून शहरांची तुलना करण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक ठिकाणी मोठा आकडा लहान झाला तो यंत्रामुळे नाही. माणसाने एका प्रश्नाला काय उत्तर दिले, त्यावरून झाला. मधले जे गळले ते खरोखर निरोगी होते की प्रश्नच त्यांच्यापर्यंत पोचला नाही, हा निद्राविज्ञानातला जुना वाद अजून मिटलेला नाही.

रायगडच्या किनारपट्टीवरून या वादाकडे पाहावे अशी कारणे आहेत. मुंबईच्या खाडीपलीकडचा हा पट्टा रात्री पुरता झोपत नाही. थळचा खत कारखाना, डोलवीचा पोलाद प्रकल्प, नागोठणे, रोहे आणि महाडच्या रासायनिक वसाहती तीन पाळ्यांत चालतात. न्हावा-शेव्याच्या बंदराकडे कंटेनरचे ट्रेलर रात्रंदिवस येतात आणि पनवेल ते पोलादपूर हा मुंबई-गोवा महामार्ग रात्रीच्या गाड्यांनी भरलेला असतो. उरण, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या होड्या घड्याळाऐवजी भरती-ओहोटी पाहून निघतात. अशा मुलखात दिवसा पेंगणारा माणूस डॉक्टरांसमोर बसला की दोन प्रश्न एकमेकांत गुंततात: याला झोपेचा आजार आहे, की याला झोपच मिळालेली नाही? मोजमापाच्या साधनांवर गेल्या पन्नास वर्षांत जे वाद झाले त्यांतले बरेच या गुंत्यापाशीच येऊन थांबतात. उपलब्ध पुराव्यांवरून माझे मत असे झाले आहे की झोपेचा हिशोब न घेता काढलेला कोणताही आकडा, मग तो प्रश्नावलीतला असो वा प्रयोगशाळेतला, दोन्ही बाजूंनी फसवू शकतो.

साधने कशी आली

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दिवसाची झोप ही डॉक्टरांच्या लेखी वर्णनाची गोष्ट होती. फ्रेंच वैद्य जेलिनो यांनी १८८० मध्ये अनावर झोपेच्या झटक्यांना 'नार्कोलेप्सी' हे नाव दिले ते रुग्णाचे बोलणे ऐकून आणि त्याला पाहून. १९५६ मध्ये बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका अतिस्थूल, सतत पेंगणाऱ्या रुग्णाचे वर्णन केले आणि त्या अवस्थेला डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधल्या जाड्या, झोपाळू पोऱ्यावरून नाव दिले. झोपेत श्वास अडतो हे १९६५ च्या सुमारास युरोपातल्या प्रयोगशाळांत नोंदवले गेले, तरी दिवसाच्या झोपेला आकडा नव्हताच. तो १९७० च्या दशकात आला. स्टॅनफर्डमध्ये १९७३ साली 'या क्षणी किती झोप येते आहे' ते सात पायऱ्यांवर सांगण्याची पद्धत निघाली. पुढे १९९० मध्ये स्वीडनमधून नऊ पायऱ्यांची कॅरोलिन्स्का श्रेणी आली.

स्टॅनफर्डमध्येच मेरी कारस्कॅडन आणि विल्यम डिमेंट यांनी वेगळा विचार केला. माणसाला विचारायचे कशाला? त्याला दिवसा अंधाऱ्या, शांत खोलीत निजवावे आणि मेंदूच्या लहरींवरून झोप लागायला किती मिनिटे लागली ते पाहावे. यातून 'मल्टिपल स्लीप लेटन्सी टेस्ट', म्हणजे एमएसएलटी, उभी राहिली आणि १९८६ मध्ये तिचे ठरलेले नियम झाले. १९८२ मध्ये मिटलर यांनी तीच कल्पना उलटी केली. अंधुक उजेडात माणसाला बसवायचे, जागे राहायला सांगायचे आणि तो किती वेळ टिकतो ते पाहायचे. ही जागेपणा टिकवण्याची चाचणी एमडब्ल्यूटी म्हणून ओळखली जाते. डिंजेस आणि पॉवेल यांनी १९८५ मध्ये तिसरीच वाट धरली. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचे, असे दहा मिनिटे करायचे आणि प्रतिसादाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागला की तो अवधानाचा खंड धरायचा. शेवटी १९९१ मध्ये मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातील मरे जॉन्स यांनी आठ प्रश्नांचा एक कागद तयार केला, आणि जगभरच्या बाह्यरुग्ण विभागांत तोच सर्वांत जास्त चालला.

ही साधने एकमेकांशी फारशी जुळत नाहीत, हे लवकरच दिसून आले. एपवर्थवर ज्याला भरपूर गुण तो एमएसएलटीत पटकन झोपतोच असे नाही, आणि पटकन झोपणारा जागे राहण्याच्या चाचणीत हरतोच असेही नाही. कुठले साधन चुकीचे यावर मग वर्षानुवर्षे कागद खर्ची पडले. पण भरती किती वाजता येते आणि ती किती चढते, ही दोन मापे जुळली नाहीत म्हणून कुणी त्यातल्या एकाला खोटे ठरवत नाही. या क्षणीची गुंगी, एरवीच्या आयुष्यात डुलकी लागण्याचा कल, संधी मिळाली की झोपण्याची क्षमता, झोप थोपवण्याची क्षमता आणि अवधान सुटणे, या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. नातेवाईक म्हणाव्यात इतक्या जवळच्या, पण एक नव्हेत. 'झोप किती' हा एकच प्रश्न समजून पाचही साधने त्याला जुंपली गेली, यात वादाचा बराचसा भाग आपोआप निर्माण झाला असे दिसते.

कागदाची बाजू

एपवर्थच्या कागदावर आठ प्रसंग आहेत: बसून वाचताना, टीव्ही पाहताना, सभेत किंवा नाटकाला गप्प बसलेले असताना, तासभर न थांबता चाललेल्या गाडीत प्रवासी म्हणून, दुपारी सवड मिळून आडवे झाल्यावर, कुणाशी बसून बोलताना, मद्य न घेता जेवल्यानंतर स्वस्थ बसल्यावर आणि रहदारीत काही मिनिटे थांबलेल्या गाडीत. प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन अशी सांगायची, बेरीज चोवीसपैकी. दहाच्या वर गेली की लक्ष द्यावे असा संकेत. यंत्र नको, रात्रभर जागणारा तंत्रज्ञ नको, पाच मिनिटेही लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयात वा तालुक्याच्या दवाखान्यात जे शक्य आहे ते हेच. म्हणून त्याच्यावरच्या टीकेकडे नीट पाहायला हवे, कारण टीका खरी ठरली तरी त्याच्या जागी ठेवायला स्वस्त दुसरे काही नाही.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे: माणसाला स्वतःची झोप कळते का? व्हॅन डोंगेन, डिंजेस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये निरोगी माणसांना चौदा दिवस रोज चार किंवा सहा तासच झोपू दिले. बटण दाबण्याच्या चाचणीत त्यांचे अवधान दिवसेंदिवस घसरत गेले. पण 'किती झोप येते' याची त्यांची स्वतःची नोंद पहिले काही दिवस वाढून मग जवळजवळ सपाट झाली. शरीर ढासळत होते आणि माणूस म्हणत होता, सवय झाली. वर्षानुवर्षे तिसरी पाळी करणारा कामगार 'मला काही होत नाही' म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याचा मापदंडच सरकलेला असतो. दुसरा आक्षेप स्त्रियांबद्दलचा. श्वास अडण्याचा विकार असलेल्या स्त्रिया झोपेपेक्षा थकवा, डोकेदुखी, अंगातली ताकद गेल्याचे अधिक सांगतात असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. त्यांचे एपवर्थ गुण कमी येतात आणि तपासणी रक्तातल्या हिमोग्लोबिनवर किंवा थायरॉइडवर थांबते. ती तपासणी चुकीची नाही, पण पुरेशीही नाही. तिसरा आक्षेप आकड्यांचा. अमेरिकेतल्या स्लीप हार्ट हेल्थ स्टडीमध्ये १९९९ साली दिसले की ज्यांचा श्वास तासाला पाचपेक्षा कमी वेळा अडतो त्यांचे सरासरी एपवर्थ गुण ७.२, आणि तीस किंवा अधिक वेळा अडतो त्यांचे ९.३. आजार कितीतरी पटींनी वाढला तरी सरासरी दोन गुणांनी सरकली आणि दहाच्या रेषेच्या अलीकडेच राहिली.

जॉन्स यांचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. कागदाने आजार ओळखावा असा त्यांचा मूळ दावाच नव्हता. रोजच्या जगण्यात डुलकी लागण्याचा सरासरी कल मोजावा, एवढाच होता. प्रयोगशाळेतली खोली हा तर एकच, आणि तोही विचित्र प्रसंग. तिथे कोण किती लवकर झोपतो त्यावरून सभेत, गाडीत, जेवणानंतर तो काय करेल हे कसे सांगणार? २००० साली त्यांनी निरोगी माणसे आणि नार्कोलेप्सीचे रुग्ण वेगळे ओळखण्याच्या कसोटीवर एपवर्थ, एमएसएलटी आणि एमडब्ल्यूटी ही तिन्ही साधने तपासली आणि एमएसएलटीला अंतिम प्रमाण मानणे फसले आहे असे सरळ लिहिले. यात तथ्य आहे. पण ते टोकाच्या दोन गटांपुरते आहे, कारण ठणठणीत आणि ठार झोपाळू यांच्यात फरक करणे सोपे असते. दवाखान्यात येतात ते मधले. कागद ज्या कामात खरोखर उपयोगी पडतो ते वेगळे आहे: एकाच माणसाची आधीची आणि उपचारानंतरची तुलना. तिथे दोन-तीन गुणांची घटही अर्थपूर्ण मानतात, आणि माणसाचा मापदंड सरकलेला असला तरी तो दोन्ही वेळा साधारण तितकाच सरकलेला असतो.

खोलीची बाजू

एमएसएलटीची शिस्त कडक आहे. आदल्या रात्रीची झोप पूर्ण नोंदवून घ्यायची, किमान सहा तास झोप झालेली असावी. उठल्यावर दीड ते तीन तासांनी पहिला डाव, मग दर दोन तासांनी, असे चार-पाच डाव. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर डाव संपला. सरासरी आठ मिनिटे किंवा त्याहून कमी, आणि किमान दोन डावांत झोप लागताच पंधरा मिनिटांच्या आत स्वप्नांची म्हणजे रेम झोप सुरू झाली, तर नार्कोलेप्सीकडे बोट जाते. रात्रीच्या नोंदीत तशी रेम झोप लवकर आली तर तीही त्या दोनांत धरतात. आधीचे एक-दोन आठवडे झोपेची वही किंवा मनगटावरचे हालचाल-यंत्र वापरावे आणि रेम झोप दाबणारी नैराश्यावरची औषधे शक्य असल्यास दोन आठवडे आधी बंद करावीत, अशीही अपेक्षा आहे.

एवढे करूनही निकाल डळमळतो. निरोगी माणसांची सरासरी चार डावांत सुमारे साडेदहा मिनिटे येते आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार मिनिटांचा फैलाव असतो. म्हणजे आठच्या आत येणारे निरोगी लोकही थोडेथोडके नाहीत. २००६ मध्ये विस्कॉन्सिनच्याच समूहात दिसले की दोन किंवा अधिक डावांत लवकर रेम येणारे पुरुष १३ टक्क्यांच्या आसपास होते, आणि पुढच्या विश्लेषणात त्याचा संबंध पाळ्यांच्या कामाशी व कमी झोपेशी लागला. २०१३ मध्ये ट्रॉटी आणि सहकाऱ्यांनी हसताना किंवा चिडताना स्नायू गळून जाण्याचे लक्षण नसलेल्या झोपाळू रुग्णांची चाचणी पुन्हा केली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांचे निदान बदलले. हे लक्षण असलेल्यांची गोष्ट वेगळी. १९९८ मध्ये हायपोक्रेटिन या मेंदूतल्या द्रव्याचा शोध लागला, आणि आता पाठीच्या पाण्यात ते मिलिलिटरला ११० पिकोग्रॅमच्या खाली आढळले तर चाचणीच्या मिनिटांवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. तिथे वाद जवळजवळ संपला आहे. उरला आहे तो बाकीच्यांचा.

खोलीच्या बाजूने एक मुद्दा मात्र ठामपणे मांडला पाहिजे. माणसाला आपली झोप कळत नसेल, किंवा सांगायची नसेल, तर त्याला न विचारता मोजणारे काहीतरी लागतेच. आणि जागेपणाची चाचणी हा मुद्दा एमएसएलटीपेक्षा चांगला सांभाळते, कारण चाक हातात असलेल्या माणसाला किती लवकर झोप लागते हे कुणाला जाणून घ्यायचे नसते. तो किती वेळ जागा राहतो हे महत्त्वाचे. तिथेही रेषा धूसर आहे: चाळीस मिनिटांच्या चारही डावांत निरोगी माणसांपैकी साधारण साठ टक्केच शेवटपर्यंत टिकतात, सरासरी आठ मिनिटांच्या आत झोपणे नक्की असाधारण आणि मधला सगळा पट्टा अनिश्चित.

झोप सोडा, श्वास मोजा

तिसरी बाजू या सगळ्या झगड्याला कंटाळलेली आहे. ती म्हणते, दिवसाच्या झोपेच्या मागे लागू नका. घोरणे, मानेचा घेर, रक्तदाब, वजन, वय विचारा आणि सरळ रात्रीचा श्वास मोजा. २००८ मध्ये टोरँटोहून आलेल्या स्टॉप-बँग प्रश्नावलीत आठांपैकी एकच प्रश्न थकव्याचा किंवा झोपेचा आहे. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही तासाला पंधरा किंवा अधिक अडथळे असतील तर लक्षणे नसली तरी निदान होते. १९८१ मध्ये सुलिव्हन यांनी दाखवलेला नाकावाटे दाबाने हवा देण्याचा उपाय, म्हणजे सीपॅप, उपलब्ध आहे, मग झोप येते की नाही याची वाट कशाला पाहायची?

यावरचा सर्वांत मोठा पुरावा या बाजूला अडचणीत टाकतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' चाचणीत भारतासह सात देशांतले २७०० हून अधिक रुग्ण होते. हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि श्वास अडण्याचा विकार दोन्ही असलेले. फार झोपाळू, म्हणजे एपवर्थवर पंधराच्या वरचे, मुद्दाम वगळले होते, कारण त्यांना उपचाराविना ठेवणे योग्य नव्हते. सरासरी पावणेचार वर्षांनंतर सीपॅप दिलेल्यांत हृदयविकाराचे वा पक्षाघाताचे झटके कमी झाले नाहीत. झोप, घोरणे आणि मनःस्थिती मात्र सुधारली. बचाव असा की रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही लावले नाही. तो बचाव खरा आहे, पण दुसरा अर्थही लागतो. २०१९ मध्ये स्लीप हार्ट हेल्थच्या माहितीचे लक्षणांनुसार गट पाडले, तेव्हा हृदयविकाराचा वाढीव धोका प्रामुख्याने 'फार झोपाळू' गटात दिसला. म्हणजे ज्या लक्षणाला बाजूला सारायचे म्हणत होतो, तेच कदाचित कुणाला उपचाराचा सर्वाधिक फायदा होईल ते सांगते. हा निष्कर्ष निरीक्षणातून आला आहे. फार झोपाळू माणसांना वर्षानुवर्षे बिनउपचार ठेवून तो पडताळणे नीतीला धरून नाही, आणि म्हणून तो पक्का होणे अवघड आहे.

किनाऱ्यावरचा हिशोब

आता हे सगळे अलिबाग-मुरूडच्या बाजूला लावून पाहू. डोलीची मासेमारी प्रवाहावर चालते. पाण्यात रोवलेल्या खुंटांना डोल लावायची आणि पाणी फिरले की काढायची. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कामाची वेळही सरकते, आणि पंधरा दिवसांत ती रात्रीतून दिवसात आणि दिवसातून रात्रीत जाते. उधाणाच्या दिवसांत प्रवाहाला जोर, काम जास्त. भांगाच्या दिवसांत उसंत. एपवर्थचा कागद 'अलीकडच्या दिवसांत' असे विचारतो. तोच माणूस उधाणाच्या आठवड्यात विचारला तर एक आकडा देईल, भांगात दुसरा. दोन्ही खरे. आठ प्रसंगांपैकी गाडीचे दोन प्रसंगही तपासून घ्यावे लागतात. एसटीच्या खिडकीशी तासभर बसून डुलकी लागणे हे इथे लक्षण म्हणावे इतके दुर्मीळ नाही आणि रहदारीत थांबलेली गाडी स्वतःची नसते. दुपारची वामकुक्षी तर कोकणात दिनक्रमाचाच भाग. त्या एका प्रसंगाला तीन गुण देऊन कुणी आजारी ठरत नाही, पण दहाची रेषा तेवढी जवळ येते. हिंदीत बदल करून घेतलेली आवृत्ती एम्स दिल्लीच्या मेंदूविकार विभागाशी निगडित संशोधकांनी २०१६ मध्ये उत्तर भारतीयांवर पडताळली, ती याच अडचणीमुळे. प्रसंग बदलले की गुणांची रेषाही पुन्हा बसवावी लागते, नुसते भाषांतर पुरत नाही.

म्हणून कागदाच्या आधी तीन साधे प्रश्न हवेत. गेल्या दोन आठवड्यांत कोणत्या वेळी, किती तास झोप झाली? पाळी किंवा भरतीची वेळ काय होती? आणि सलग आठवडाभर मनासारखे झोपायला मिळाले तर दिवसाची पेंग जाते का? तिसरा प्रश्न निर्णायक आहे, कारण अपुऱ्या झोपेच्या निदानाची व्याख्याच ती आहे: झोप वाढवली की लक्षण जाते. नार्कोलेप्सीत किंवा श्वास अडण्याच्या विकारात आठ तास झोपूनही दिवसाची पेंग जात नाही. किनाऱ्यावर ही तपासणी करायला निसर्गाने आणि शासनाने एक अवधी आपणहून दिला आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. जाळी विणणे, होडी दुरुस्त करणे चालू असले तरी रात्र घरची असते. ऑगस्ट ते मे या काळात पेंगणारा तांडेल किंवा खलाशी जुलैतही तितकाच पेंगत असेल, तर पाण्याला दोष देऊन चालणार नाही. मोजणी जुलैत केली तर तिचा अर्थ लावणे खूप सोपे होईल. हा माझा तर्क आहे, कुणी करून पाहिलेला प्रयोग नव्हे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला: ज्याला झोप कमी मिळते त्याला विकार नसतोच असे नाही. बरोबर. पाच तास झोपणाऱ्या माणसाचाही श्वास अडू शकतो, आणि जाड मानेचा, रक्तदाबाचा, बायको 'श्वास थांबतो' म्हणते असा रुग्ण हिशोबाच्या चाळणीत अडकवून ठेवला तर त्याचे नुकसान होईल. तेव्हा हिशोब चाळणी म्हणून वापरू नये. ज्याच्यात ही लक्षणे आहेत त्याचा रात्रीचा श्वास लगेच मोजावा, घरच्या घरी मोजणारी छोटी यंत्रे त्यासाठी आहेत. हिशोब लागतो तो आकड्याचा अर्थ लावायला आणि एमएसएलटीसारख्या महागड्या, शहरात एकवटलेल्या चाचणीवर कुणाला धाडायचे ते ठरवायला. सरकत्या पाळीतल्या माणसाला थेट त्या खोलीत झोपवले तर लवकर रेम येण्याची शक्यता बरीच आहे आणि आयुष्यभराच्या औषधांचे निदान पदरात पडू शकते. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: गर्दीच्या ओपीडीत हे कोण विचारणार? आशा कार्यकर्त्या किंवा कारखान्याच्या वैद्यकीय कक्षातील परिचारिका झोपेची वही भरून घेऊ शकतात. अडचण कुशलतेची कमी आणि वेळेची जास्त आहे, आणि वेळेची अडचण मी इथे सोडवू शकत नाही.

चाक ज्याच्या हातात आहे

सर्वांत कठीण प्रश्न निदानाचा नाही, परवान्याचा आहे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये नियम केला की मध्यम किंवा तीव्र श्वास-विकाराचा संशय आणि जोडीला दिवसाची अतिझोप असेल तर परवान्याआधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. अमेरिकेत व्यावसायिक चालकांसाठी तसाच नियम करण्याचा प्रस्ताव २०१७ मध्ये मागे घेतला गेला. आपल्याकडे परवान्याच्या अर्जातल्या प्रकृतीविषयक घोषणेत अपस्मार, अचानक शुद्ध हरपणे, नजर यांची विचारणा आहे आणि शेवटी 'धोका होईल असा अन्य आजार' असे एक सर्वसमावेशक कलम आहे. दिवसा झोप येते का, हा प्रश्न वेगळा नाही. तो घालावा असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद उघड आहे: घाटात दोन सेकंदांची डुलकी पुरते. न घालावा म्हणणारे सांगतात की पोट त्या परवान्यावर असलेला माणूस शून्य गुणांचा कागद भरून देईल आणि खरी लक्षणे डॉक्टरांपासूनही लपवू लागेल. अनुभव या दुसऱ्या बाजूला झुकतो. ज्याच्या उत्तरावर नोकरी अवलंबून आहे त्याच्याकडून कागदावर खरे मिळत नाही, हे साधन तयार करणाऱ्यांनाही मान्य आहे.

म्हणून नजर डोळ्यांकडे वळली आहे. पापणी किती वेळ मिटलेली राहते याचे प्रमाण मोजण्याची पद्धत १९९० च्या दशकापासून आहे, आणि गाडीत बसवलेले कॅमेरे तीच वापरतात. गंमत अशी की एपवर्थचा कागद देणारे जॉन्सच पुढे पापणीच्या उघडझापेचा वेग मोजणाऱ्या चष्म्याकडे वळले. विचारून जे मिळत नव्हते ते त्यांनी डोळ्यांतून मिळवायचे ठरवले. पण हे यंत्र या क्षणीची झोप मोजते, आजार नव्हे. ट्रेलरचा चालक गव्हाणफाट्याच्या रांगेत बसून पेंगला तर कॅमेरा घंटा वाजवेल, पण त्याला श्वासाचा विकार आहे, की तो सोळा तास चाकावर आहे, हे त्याला सांगता येणार नाही. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालत होता. अशी मर्यादा पाळली गेली की नाही हे पापणीवर लिहिलेले नसते.

अजून न सुटलेले

काही गोष्टी स्पष्ट आहेत: एकच आकडा पुरत नाही, नार्कोलेप्सीचा एक प्रकार पाठीच्या पाण्यातल्या हायपोक्रेटिनच्या मापाने पक्का ओळखता येतो, आणि श्वासाच्या मोजणीतून झोप कळत नाही. बाकीचे धूसर आहे. पाळीत काम करणाऱ्यांसाठी एमएसएलटीचे वेगळे निकष असावेत की ती चाचणी त्यांच्यावर करूच नये, याबद्दल एकमत नाही. दिवसभर झोपणाऱ्या, पण लवकर रेम न येणाऱ्या माणसांसाठी चोवीस तासांत ११ तास किंवा अधिक झोप हा निकष वापरतात, तो रात्रंदिवस बदलणाऱ्या आयुष्याला कसा लावायचा? स्त्रियांचा थकवा झोपेच्या मोजणीत कुठे बसवायचा यावर शोधनिबंध अनेक झाले, पण दवाखान्यात वापरले जाणारे साधन अजून तेच जुने. आगरी-कोळी घरांतली बाई पहाटे चारला उठून मासळीच्या गाडीसाठी निघते आणि दुपारी बाजारातून परतते, तिच्यासाठी एपवर्थचा 'दुपारी सवड मिळून आडवे झाल्यावर' हा प्रसंग बहुधा घडतच नाही. कागद सांगतो की असे प्रसंग अलीकडे घडले नसतील तर घडले असते तर काय झाले असते याचा अंदाज करून गुण द्या. तो अंदाज कितपत विश्वासाचा, हे मोजायला दोन वेगवेगळ्या हंगामांत त्याच बायकांना तोच कागद देऊन पाहावे लागेल. अशी पाहणी रायगडच्या किनाऱ्यावर फारशा खर्चाविना होऊ शकते. मराठीतला, इथल्या प्रसंगांवर बेतलेला आणि पडताळलेला कागद तिच्या आधी हवा.